वॉट, मिलिमीटर आणि डेसिबल
(प्रस्तावना)

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर बरंच काही छापलेलं असतं: चिप कोणत्या पिढीची, मेमरी किती, एसएमपीएस किती वॉटचा हवा. पूर्ण भारावर ते किती आवाज करील, हे मात्र बहुतेक खोक्यांवर शोधूनही सापडत नाही. त्याला कारण आहे. वॉट चिपबरोबर ठरतात, मिलिमीटर साच्याबरोबर. आवाज कॅबिनेटवर, खोलीवर आणि ऋतूवर अवलंबून असतो, आणि तो किती खुपतो हे शेजारच्या खाटेवर झोपलेल्या माणसावर. महागड्या कार्डाची रचना कारखान्यात सुरू होते आणि वापरणाऱ्याच्या खोलीत पुरी होते. या संग्रहातले लेख निरनिराळ्या वाटांनी येऊन याच मुद्द्यापाशी मिळतात.

ती खोली इथे बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतली आहे. होसूर रोडवरच्या कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या गावांच्या 332 एकर जमिनीवर केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या महामंडळाने 1978 मध्ये ही वसाहत उभी केली. कल्पना केऑनिक्सचे तेव्हाचे प्रमुख आर. के. बलिगा यांची. पुण्यात 1981 मध्ये सुरू झालेली इन्फोसिस 1983 मध्ये बंगळुरूला आली, 1994 मध्ये तिने इथे मुख्यालय थाटलं, आणि पुण्या-कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांना होसूर रोड ओळखीचा झाला. आज नीलाद्री रोडच्या मागच्या गल्ल्यांत पीजींची रांग आहे. एका खोलीत दोघे-तिघे. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची कॅब सकाळी सातची. अशा खोलीत कोणी बचत करून उंची कार्ड आणतो. कोणी खेळण्यासाठी, कोणी ब्लेंडरमध्ये रेंडर करण्यासाठी, कोणी घरच्या घरी भाषेचं मॉडेल चालवून पाहण्यासाठी. ज्या अभियंत्याने ते कार्ड आखलं, त्याच्या डोळ्यांसमोर ही खोली बहुधा नव्हती.

नवख्या वाचकासाठी आधी कार्ड उघडून पाहू. मधोमध चिप, तिच्याभोवती मेमरीचे तुकडे, बाजूला वीज सांभाळणारा विभाग. संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडून 12 व्होल्ट येतात. चिपला लागतो साधारण एक व्होल्ट, पण प्रवाह शेकडो अँपिअरचा. हे रूपांतर कॉइल आणि ट्रान्झिस्टरच्या रांगा करतात. या सगळ्यावर तांब्याचा तळ किंवा व्हेपर चेंबर, त्यातून निघालेल्या हीटपाइप, त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत आणि शेवटी पंखे. महागडं कार्ड हातात घेतल्यावर जे वजन जाणवतं, ते बहुतांश या धातूचं असतं. कार्डात गेलेली जवळपास सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. ती काढायचे मार्ग दोनच: धातूचा पसारा वाढवायचा किंवा वारा जोरात फिरवायचा. पहिल्याची किंमत जागेत चुकवावी लागते, दुसऱ्याची आवाजात. तिसरा मार्ग म्हणजे मुळात वॉटच कमी करायचे, आणि तो शर्यतीत असलेल्या कंपन्यांना सहसा परवडत नाही.

इतिहास पाहिला तर हा हिशेब दर काही वर्षांनी पुन्हा मांडला गेलेला दिसतो. 1996 मध्ये थ्रीडीएफएक्सचं पहिलं व्हूडू आलं तेव्हा कार्डावर पंखा नसायचा. 1999 च्या जीफोर्स 256 वर, म्हणजे एनव्हिडियाने ‘पहिला जीपीयू’ म्हणून बाजारात आणलेल्या चिपवर, एक चिमुकला पंखा होता. चिपमध्ये ट्रान्झिस्टर सुमारे 2.3 कोटी. 2003 चं जीफोर्स एफएक्स 5800 अल्ट्रा हे पहिलं मोठं वळण. त्याच्या थंडाव्याच्या यंत्रणेने मदरबोर्डवरचा शेजारचा स्लॉटही व्यापला आणि तिचा आवाज इतका गाजला, की एनव्हिडियाने स्वतःच स्वतःची टर उडवणारी चित्रफीत काढली. काही महिन्यांतच 5900 ने त्याची जागा घेतली. तरीही दोन स्लॉट व्यापण्याची कल्पना मागे उरली आणि पुढच्या दशकात तीच रीत झाली. 2010 चं जीटीएक्स 480 हे 250 वॉटचं कार्ड तापण्यासाठी ओळखलं गेलं. 2013 च्या एएमडीच्या आर9 290एक्सने चिपला 95 अंशांपर्यंत तापू देणं हेच धोरण म्हणून मांडलं. ग्राहकांनी तापमानाची तक्रार केली खरी, पण जास्त टोचला तो पंखा.

2020 नंतर आकारानेच उसळी घेतली. 2022 चं आरटीएक्स 4090 हे 450 वॉटचं कार्ड. एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्तीत ते 304 मिलिमीटर लांब आणि तीन स्लॉट जाड. एटीएक्स मदरबोर्डची लांबी 305 मिलिमीटर असते, म्हणजे बोर्डावर बसवायची वस्तू बोर्डाएवढी झाली. आसुसच्या स्ट्रिक्स आवृत्तीने तर 357 मिलिमीटर गाठले. मग 2025 मध्ये आरटीएक्स 5090 आलं: 9,220 कोटी ट्रान्झिस्टर, 575 वॉट, आणि एनव्हिडियाच्या आवृत्तीची जाडी पुन्हा दोन स्लॉट. त्यासाठी मुख्य बोर्ड आक्रसून मधोमध आणला, स्लॉटची आणि डिस्प्लेची जोडणी वेगळ्या छोट्या बोर्डांवर नेली, चिपवर थर्मल पेस्टऐवजी द्रव धातू वापरला आणि दोन्ही पंख्यांखालून हवा आरपार जाईल अशी वाट मोकळी केली. वॉट वाढले आणि जाडी घटली, असं क्वचित घडतं. या जोडीची किंमत कोणी चुकवली, हे पाहण्यासाठी थंडाव्याच्या यंत्रणांच्या घराण्यांकडे वळायला हवं.

कार्ड थंड ठेवण्याची मुख्य घराणी चार-पाच आहेत. सर्वांत जुनं ब्लोअरचं: एका टोकाला गोल पंखा, हवा बंद बोगद्यातून ढकलली जाते आणि मागच्या जाळीतून थेट कॅबिनेटबाहेर पडते. कॅबिनेट थंड राहतं, एकाशेजारी एक चार कार्डं लावता येतात, पण पंखा लहान असल्यामुळे तो जोरात फिरवावा लागतो. दुसरं उघड्या पंख्यांचं: दोन-तीन मोठे पंखे पत्र्यांवर हवा सोडतात आणि ती कुठेही पसरते. ते शांत असतं. मात्र उष्णता कॅबिनेटमध्येच राहते आणि ती बाहेर काढण्याचं काम कॅबिनेटच्या पंख्यांवर येऊन पडतं. तिसरं आरपार वाऱ्याचं, 2020 च्या आरटीएक्स 30 मालिकेपासून रुजलेलं. त्यातली गरम हवा कार्डाच्या दुसऱ्या बाजूने निघते आणि बहुधा प्रोसेसरच्या कूलरकडे जाते. चौथं पाण्याचं. 2014 च्या आर9 295एक्स2 आणि 2015 च्या फ्युरी एक्स या कार्डांनी ते कारखान्यातूनच जोडून दिलं. फ्युरी एक्सच्या सुरुवातीच्या नगांत पंख्याची तक्रार मिटली तर पंपाची किणकिण सुरू झाली. पाचवं अर्धमौनी: भार कमी असताना पंखे थांबतात. आता हे जवळपास सगळ्यांनीच उचललं आहे.

या घराण्यांत श्रेष्ठ कोण, हा वाद फारसा फळत नाही. प्रत्येक जण उष्णता कुठेतरी नेऊन सोडतो; फरक एवढाच, की ती कोणाच्या अंगणात सोडतो. ब्लोअर खोलीत सोडतो, उघडा पंखा कॅबिनेटमध्ये, आरपार वारा प्रोसेसरवर. अंगण ठाऊक नसताना घराणं निवडलं की पैसे जातात आणि घामही निघतो.

आवाजाच्या भागावर या संग्रहाने सर्वाधिक पानं खर्च केली आहेत, कारण तिथे गैरसमज जास्त आहेत. डेसिबल हे लॉगरिदमचं माप आहे. एकसारखे दोन पंखे एकाच वेगाने लावले तर आवाज दुप्पट मोजला जात नाही. तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. म्हणूनच मोठे आणि सावकाश फिरणारे पंखे लहान आणि धावणाऱ्या पंख्यांपेक्षा सहसा सरस ठरतात, आणि म्हणूनच कार्डं फुगत गेली. मोजणाऱ्याने मायक्रोफोन अर्ध्या मीटरवर ठेवला की एक मीटरवर, याने मोकळ्या जागेत सहा डेसिबलचा फरक पडतो. अंतर न सांगता दिलेला आकडा त्यामुळे निरुपयोगी. संगणकीय उपकरणांच्या आवाजासाठी आयएसओ 7779 हे मानक आहे. घरी ते पाळणं अवघड, पण त्यातली शिस्त उचलता येते. भारतातल्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. तो नियम परिसरासाठी आहे, खोलीतल्या यंत्रासाठी नाही, पण झोपेला किती शांतता लागते याचा अंदाज त्यातून येतो.

पण नुसती पातळी कानाचं दुखणं सांगत नाही. 11 पात्यांचा पंखा मिनिटाला 1800 फेरे घेत असेल तर सेकंदाला 330 वेळा पातं एका जागेवरून जातं आणि त्या कंपनसंख्येचा सूर तयार होतो. शेजारचा पंखा 1830 ने फिरत असेल तर त्याचा सूर थोडा वर असतो, आणि दोन्ही मिळून सेकंदाला पाच-सहा लहरी उठतात. मिरजेच्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावणारा कारागीर याच लहरी ऐकत खुंटी पिळतो आणि त्या शमल्या की थांबतो. कार्डाला तशी खुंटी नाही, पण तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारा सॉफ्टवेअरमधला फॅन कर्व्ह आहे, आणि दोन्ही पंखे एका वेगावर आणता आले की तीच घरघर पुष्कळ सुसह्य होते. सारखा चढउतार करणारा पंखा तर एकसुरी पंख्यापेक्षा जास्त जाचतो. दर दोन मिनिटांनी सुरू होऊन थांबणारा ‘शून्य डेसिबल’ पंखा झोपमोडीला पुरेसा असतो. याखेरीज कॉइल व्हाइन आहे. वीज विभागातल्या कॉइल प्रवाहाच्या स्पंदनांनी थरथरतात आणि बारीक चिरका आवाज काढतात. खेळाच्या साध्या मेन्यूत फ्रेम सेकंदाला हजारांवर गेल्या की तो हमखास ऐकू येतो. फ्रेमवर मर्यादा घातली की बऱ्याचदा विरतो. पंखा बदलून तो जात नाही, हे कळलं तरी एका दुरुस्तीचा खर्च वाचतो.

बसण्याचा, म्हणजे कार्ड कॅबिनेटमध्ये नीट मावण्याचा प्रश्न वरवर फुटपट्टीचा वाटतो. स्लॉटमधलं अंतर 20.32 मिलिमीटर, त्या पटीत जाडी मोजली, लांबी पाहिली की झालं, असं दुकानदारही सांगतो. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॅबिनेट निवडताना बहुतेक जण तेवढंच पाहतात. राहून जाते ती केबल. जुन्या आठ पिनांच्या जोडणीवर 150 वॉट घ्यायचे, म्हणजे 12 व्होल्टच्या तीन पिनांतून प्रत्येकी चारएक अँपिअर. नव्या 16 पिनांच्या जोडणीवर 600 वॉटपर्यंत मुभा आहे: 50 अँपिअर सहा पिनांत, प्रत्येकी आठच्या वर. राखीव अंतर फारच कमी. 2022 च्या ऑक्टोबरपासून 4090 च्या जोडण्या वितळल्याच्या बातम्या आल्या. तपासण्यांत पूर्ण आत न बसलेला प्लग हे एक मोठं कारण पुढे आलं आणि 2023 मध्ये जोडणीचा आराखडाच सुधारला गेला. केबल प्लगपासून निदान 35 मिलिमीटर सरळ ठेवा, असं विक्रेते सांगू लागले. कार्डाची उंची 137 मिलिमीटर, वर प्लग, वर ते 35 मिलिमीटर आणि मग काचेचं दार. हा हिशेब चुकला तर काच केबल दाबते, आणि तो दाब थेट प्लगवर येतो. मावणं हा सुरक्षिततेचाही भाग आहे. लोंबणाऱ्या कार्डाखाली टेकू लावणं त्यातलंच. दोन किलोंहून जड धातू एका स्लॉटवर आणि मागच्या स्क्रूंवर आडवा टांगलेला असतो.

आता हवा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. पंखा तितकेच फेरे घेतो, पण प्रत्येक फेऱ्यात उष्णता वाहून नेणारी हवा कमी ढकलतो. सुदैवाने इथला उन्हाळा सौम्य आहे आणि खोलीचं तापमान एका अंशाने घटलं की कार्डाचंही साधारण तेवढंच घटतं, म्हणून नागपूरच्या मे महिन्याच्या तुलनेत इथलं कार्ड सुखात असतं. पण पीजीची दहा बाय दहाची खोली घ्या. 450 वॉटचं कार्ड आणि बाकी संगणक मिळून 600 वॉट. भिंतींनी काहीच उष्णता शोषली नाही असं धरलं तर बंद खोलीतली हवा मिनिटाला जवळपास एक अंश तापेल. भिंती शोषतात म्हणून तसं होत नाही, पण खिडकी उघडावीच लागते. खिडकी उघडली की बांधकामाची धूळ आत येते, पत्र्यांत अडकते, वारा अडतो, पंख्याचे फेरे वाढतात आणि शेजाऱ्याची झोप उडते. हे चक्र कुठे तोडायचं, हा या संग्रहातल्या व्यवहारी लेखांचा विषय आहे. सर्वांत स्वस्त उपाय बहुतेकदा अंडरव्होल्टिंगचा निघतो: चिपला थोडा कमी व्होल्टेज, थोडा कमी वेग, आणि शेवटच्या पाच-सात टक्के कामगिरीवर पाणी सोडून बरेच वॉट वाचवणं. कंपन्यांनी टाळलेला तो तिसरा मार्ग असा वापरणाऱ्याच्या हाती येतो.

हा विषय आज मराठीत का आणायचा? एक कारण पैशाचं. 4090 भारतात ₹1,55,000 ला आलं, 5090 ₹2,14,000 ला. एवढी रक्कम मोजणाऱ्याला निवड समजून करता यायला हवी. दुसरं कारण कामाचं. बंगळुरू या चिपांचं गिऱ्हाईक तर आहेच, शिवाय त्या घडवणारंही शहर आहे. 2019 च्या डिसेंबरात इंटेलच्या ग्राफिक्सचे तेव्हाचे सूत्रधार राजा कोडुरी यांनी कंपनीच्या बंगळुरूतल्या चमूचा आणि तो आखत असलेल्या चिपचा उल्लेख केला होता. भारतात आखली गेलेली सर्वांत मोठी सिलिकॉन चिप म्हणून तिच्याकडे पाहिलं जात होतं आणि चमू तिला ‘बाप ऑफ ऑल’ म्हणत होता. एक्सई एचपी ही ती मालिका पुढे बाजारात आली नाही. पण एवढ्या मोठ्या चिपची आखणी इथे होऊ शकते, हे त्यातून दिसलं. इलेक्ट्रॉनिक सिटीवरून जाणाऱ्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन 10 ऑगस्ट 2025 ला झालं; तिच्या शेवटच्या बोम्मसंद्रा स्थानकाच्या नावात डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स आहे, पॉवर सप्लाय आणि पंखे बनवणारी तैवानची कंपनी. उष्णतेची आणि वाऱ्याची अभियांत्रिकी इथून हाकेच्या अंतरावर आहे.

तिसरं कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचं. पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय 2020 च्या नोव्हेंबरात जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत 63 वा होता. त्यातल्या एका डीजीएक्स ए100 यंत्रात आठ जीपीयू असतात आणि ते साडेसहा किलोवॉटपर्यंत वीज घेतं. आज 72 जीपीयूंची एक कपाटवजा रॅक सुमारे 120 किलोवॉटवर गेली आहे आणि ती वाऱ्याने थंड होऊच शकत नाही. चिपपर्यंत द्रव न्यावा लागतो. पनवेलसारख्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांना हाच प्रश्न वेगळ्या प्रमाणात पडतो. तिथे आवाजाची फिकीर कमी, कारण आत कोणी झोपत नाही. तिथे पाणी आणि वीज यांचा भाव मोजावा लागतो. पीजीतली खोली आणि पनवेलची इमारत यांचं भौतिकशास्त्र एकच. एक समजलं की दुसऱ्याबद्दल नागरिक म्हणून प्रश्न विचारता येतात.

हे पुस्तक खरेदीची मार्गदर्शिका नाही. कोणतं कार्ड घ्यावं, याचं उत्तर छपाई होईपर्यंत शिळं होतं. फ्रेमांचे तक्तेही इथे नाहीत. ते इतरत्र मुबलक आहेत. इथे आहे ती कार्ड वाचण्याची रीत: पत्र्यांची दिशा पाहून हवा कुठे जाईल ते ओळखणं, वॉट आणि जाडी यांवरून पंख्याच्या वेगाचा अंदाज बांधणं, आवाज ऐकून तो पंख्याचा की कॉइलचा ते सांगणं, कॅबिनेट निवडताना केबलसह मोजणं. लेखकांमध्ये चिप आखणारे आहेत तसेच कॅबिनेट असेंबल करणारेही, आणि त्यांचं एकमेकांशी सगळीकडे पटत नाही. चिपवाल्यांना 90 अंश हे निव्वळ एक परवानगीचं तापमान वाटतं. असेंबल करणाऱ्याला तिथे सुकलेली पेस्ट आणि परत आलेलं गिऱ्हाईक दिसतं. संपादनात हे मतभेद मिटवलेले नाहीत. दोन्ही बाजूंना आपापल्या खोलीतला अनुभव आहे.

भाषेबद्दल एवढंच: हीटसिंक, कॅबिनेट, एसएमपीएस, थ्रॉटल हे शब्द कामावर जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत. समीकरणं मोजकी आहेत आणि प्रत्येकामागे घरी करता येईल असा एक प्रयोग आहे. त्यासाठी लागतो एक तापमापक, फोनमधलं ध्वनिमापक आणि थोडा धीर. फोनचं ध्वनिमापक अचूक आकडा देत नाही, पण एकाच जागी ठेवून आधी आणि नंतर यांतला फरक पुरेसा दाखवतं.

संग्रहातली मोजमापं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या खोल्यांची आहेत. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पत्रे किती टिकतात, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कोणता फॅन कर्व्ह चालतो, पुण्याच्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती किती उष्णता पितात, याच्या नोंदी इथे नाहीत. त्या तिथल्या वाचकांनीच घ्यायच्या आहेत. मोजायचं कसं, एवढं हे पुस्तक शिकवू पाहतं.